साखळी ते पणजी इलेक्ट्रिक स्कूटरवर: बुकिंगपासून आजपर्यंत काय काय झालं

गेल्या महिन्याभरात तीन जणींनी विचारलं, ताई तुझी ती इलेक्ट्रिक गाडी कशी आहे, घेऊ का? प्रत्येकीला फोनवर अर्धा अर्धा तास सांगितलं तरी काहीतरी राहूनच जातं, म्हणून एकदाच सगळं लिहून काढते. तारखा आणि रकमा माझ्या वहीतल्या आहेत, वही ठेवायची सवय नसती तर हे लिहिताच आलं नसतं. कंपनीचं आणि शोरूमचं नाव देत नाही कारण माझी तक्रार अजून चालू आहे. कंपनी नवी आहे, काही वर्षांपूर्वी सुरू झालेली, गोव्यात त्यांचं एकच शोरूम, एवढं पुरे.

मी साखळीला राहते, नोकरी पणजीला. आमोणा-खांडोळा पूल, माशेल, बाणस्तारी, जुने गोवे असं गेलं की एका बाजूने बत्तीस-तेहतीस किलोमीटर होतात. माझी जुनी पेट्रोल स्कूटर २०१३ची, चाळीस-बेचाळीसचं ॲव्हरेज, म्हणजे रोजचे दीडशे रुपये पेट्रोलला आणि महिन्याला पावणेचार हजारांच्या आसपास. वर दर दोन-तीन महिन्यांनी काही ना काही काम निघायचंच. डिसेंबरमध्ये मेकॅनिकने सांगितलं की इंजिन खोलावं लागेल, तेव्हा घरी बसून हिशेब केला. एवढ्या पैशात नवीन गाडीचा हप्ता जवळजवळ निघतो.

१८ जानेवारी २०२५, शनिवार. म्हापशाला जाऊन टेस्ट राइड घेतली आणि खरं सांगते, गाडी मनापासून आवडली. आवाज नाही, चढावर दम लागत नाही, सीटखाली माझा डबा, रेनकोट, पर्स सगळं मावतं. बॅटरी ३.७ किलोवॅट-अवर (म्हणजे ३.७ युनिट वीज मावेल एवढी), कागदावरची रेंज १४० किलोमीटर. सेल्समनला विचारलं की खरी किती मिळते, तो म्हणाला शंभर धरा मॅडम, आणि एवढं एक तो खरं बोलला. कागदावरची रेंज ठरावीक टेस्टमधली असते, ती जुने गोवे-पणजीच्या रस्त्यावर मिळत नाही. तुमच्या रोजच्या जाण्यायेण्याच्या दीडपट तरी खरी रेंज असेल तरच ती गाडी बघा, कारण बॅटरी पुढे थोडी थोडी उतरणारच आणि पावसाळ्यात रात्री करंट गेला तर सकाळी अर्ध्या चार्जवर निघावं लागतं.

९९९ रुपये ऑनलाइन भरून बुकिंग केलं. डिलिव्हरी तीन ते चार आठवड्यांत, असं सांगितलं. तोंडी. इथे माझी पहिली चूक झाली, ती तारीख मी लिहून घेतली नाही.

मग कोटेशन आलं. एक्स-शोरूम १,१८,०००, सबसिडी वजा करून. इन्शुरन्स ८,९००, ॲक्सेसरीज ४,२००, हँडलिंग चार्जेस २,५००, रजिस्ट्रेशन आणि नंबरप्लेटचे १,४००. रोड टॅक्सच्या रकान्यात शून्य होतं. मी विचारलं हँडलिंग म्हणजे नेमकं काय, ते लेखी द्या आणि पावती द्या. दोन दिवसांनी नवीन कोटेशन आलं त्यात ती ओळच नव्हती. इन्शुरन्सचंही तसंच. नवीन दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी (आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्यासाठीचा) घ्यावाच लागतो, आणि त्याचा दर सरकारने ठरवलेला आहे, माझ्या गाडीच्या मोटरच्या गटाला (३ ते ७ किलोवॅट) तो २०२५ मध्ये ३,२७३ रुपये होता, कुठेही तेवढाच. फरक पडतो तो बाकीच्या भागात, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या विम्यात. बाहेरून तोच इन्शुरन्स ६,७०० ला मिळाला आणि तो बाहेरून घ्यायचा तुम्हाला हक्क आहे, शोरूमवाले तोंड वाकडं करतात तेवढं सहन करायचं. ॲक्सेसरीजमधून मॅट आणि जास्तीचा गार्ड काढून १,९०० राहिले. एकूण १,२८,०००.

तोपर्यंत घरी चार्जिंगची सोय. आमचं घर सासऱ्यांच्या वेळचं, चिऱ्यांचं, वायरिंग तीस वर्षं जुनं. वायरमन काकांनी मीटरजवळ टेस्टर लावून बघितलं आणि म्हणाले, "वयनी, ह्या घराक अर्थिंगच ना." म्हणजे अर्थिंगच नाही. इतकी वर्षं आम्ही त्या घरात फ्रिज आणि वॉशिंग मशीन चालवत होतो! मग परसात खड्डा खणून नवीन अर्थिंग, त्यात कोळसा-मीठ, मीटरपासून वेगळी जाड वायर, १६ अँपियरचा सॉकेट, वेगळा एमसीबी (लोड जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) आणि शॉक लागू नये म्हणून आरसीसीबी, सगळं मिळून ४,८०० रुपये. सासूबाई म्हणाल्या गाडीपेक्षा हेच काम बरं झालं. गाडी घेवो न घेवो, जुनं घर असेल तर एकदा अर्थिंग तपासून घ्याच. आणि चिऱ्याच्या जमिनीत उन्हाळ्यात त्या खड्ड्यात अधूनमधून पाणी घालावं लागतं हेही काकांनी सांगितलं.

फेब्रुवारी गेला. चार आठवडे झाले, पाच झाले. फोन केला की "प्रोडक्शन डिले आहे मॅडम". माझी चिंता वेगळीच होती. केंद्राची पीएम ई-ड्राइव्ह म्हणून योजना आहे, १ ऑक्टोबर २०२४ पासूनची. त्यात पहिल्या वर्षी किलोवॅट-अवरला ५,००० रुपये पण दुचाकीला जास्तीत जास्त १०,०००. १ एप्रिल २०२५ पासून ते निम्मं होणार होतं, २,५०० आणि जास्तीत जास्त ५,०००. ही सबसिडी आपल्या खात्यात येत नाही, शोरूम किमतीतूनच वजा करतं आणि कंपनी मागाहून सरकारकडून घेते. म्हणजे माझी गाडी ३१ मार्चच्या आत नावावर झाली नाही तर मला पाच हजार जास्त. मी हे सेल्समनला स्पष्ट विचारलं. तो म्हणाला, पेमेंट पूर्ण करा मॅडम, पेमेंट झालेल्यांना आधी गाडी अलॉट होते, पाडव्याला गाडी तुमच्या दारात.

१० मार्चला बँकेने लोनचे ९५,००० थेट शोरूमच्या खात्यात टाकले, ३३,००० मी भरले, त्यात बुकिंगचे धरले. ही दुसरी चूक, आणि मोठी. ज्या गाडीचा चॅसिस नंबरसुद्धा (सांगाड्यावर कोरलेला तिचा ओळख नंबर) माझ्याकडे नव्हता तिचे सगळे पैसे मी देऊन मोकळी झाले. बँकेने प्रोफॉर्मा इन्व्हॉइस (विक्रीआधीचं कच्चं बिल) बघितला आणि पैसे सोडले, गाडी आहे की नाही हे बघणं त्यांचं काम नाही. पैसे दिल्यावर आपल्या हातात काहीच राहत नाही, फोन उचलायचा की नाही हे समोरचा ठरवतो.

शिगमो झाला. आमचा सेल्समन नोकरी सोडून गेला, ते मला त्याच्या जागी आलेल्या मुलीने सांगितलं, तिच्याकडे माझ्या बुकिंगची काही माहितीच नव्हती, पुन्हा सगळी कागदपत्रं व्हॉट्सॲपवर पाठवली. ३० मार्चला पाडवा, रविवार. आदल्या दिवशी संध्याकाळी मेसेज की गाडी ट्रान्झिटमध्ये आहे. सकाळी गुढी उभारली, लेकाने गाडीसाठी झेंडूचा हार करून ठेवला होता. तो हार दुपारी देवघरात गेला. ३१ला ईद, सुट्टी. आणि १ एप्रिलला सकाळी दहा वाजून चार मिनिटांनी मेसेज आला, नवीन किमतीप्रमाणे ५,००० रुपये जास्तीचे भरावेत. गाडी कुठे आहे ते सांगायला कोणी नव्हतं पण हा मेसेज मात्र वेळेवर आला. त्या दिवशी ऑफिसमध्ये मला रडू आलं होतं, लिहायला संकोच वाटतो पण आलं होतं.

मी म्हटलं उशीर तुमचा आहे, प्रोफॉर्मा इन्व्हॉइसवर जुनी किंमत आहे, मी का भरू? उत्तर आलं की बुकिंगच्या अटींमध्ये लिहिलंय, इन्व्हॉइसच्या दिवशीची किंमत लागू होईल. खरंच लिहिलं होतं, अकराव्या कलमात, मी टिक करताना वाचलं नव्हतं. बुकिंग रद्द केलं तर पैसे कधी परत मिळतील विचारलं तर २१ ते ४५ वर्किंग डेज. बँकेचं लोन डोक्यावर, ५ एप्रिलला पहिला हप्ता ४,४२८ रुपये गाडी न बघताच गेला, आणि वर बँकेकडून मेसेज की आरसीची कॉपी जमा करा! शेवटी १२ एप्रिलला "आक्षेप नोंदवून भरत आहे" असं ईमेलवर लिहून मी ५,००० भरले. ही एक गोष्ट मी बरोबर केली, नवऱ्याने सुचवली. नुसते भरले असते तर मी ते मान्य केले असं झालं असतं.

त्याच दिवशी चैत्री पौर्णिमा होती. विठ्ठलापूरला उत्सव, सगळे पाहुणे घरी, आणि प्रत्येकाचा एकच प्रश्न, गाडी आली काय गो?

गाडी शोरूममध्ये आली ती २६ एप्रिलला. मी सुट्टी काढून बघायला गेले, परवरीला फ्लायओव्हरचं काम चालू त्यात तासभर गेला. गाडी नावावर करण्याआधी स्वतः बघून घ्या, हे सगळे सांगतात, मी काय बघितलं ते सांगते. चॅसिस नंबर आणि मोटर नंबर गाडीवर वाचून फॉर्म २१, फॉर्म २२ (गाडी रस्त्यावर चालवायला योग्य असल्याचा कंपनीचा दाखला) आणि इन्शुरन्सवर अक्षर न अक्षर जुळवला. इन्शुरन्सवर मोटर नंबरात एक आकडा चुकला होता, तो दुरुस्त करून यायला चार दिवस गेले, पण अपघातानंतर कळलं असतं तर क्लेम अडकला असता. फॉर्म २१ म्हणजे विक्रीचा दाखला, त्यावर गाडी कुठल्या महिन्यात बनली ते असतं. माझी फेब्रुवारी २०२५ ची. म्हणजे ज्या गाडीच्या प्रोडक्शनला उशीर झाला म्हणून मला सांगत होते ती गाडी मी पैसे भरले त्या आधीच बनून कुठल्यातरी यार्डात उभी होती. मी त्या मुलीला विचारलं, ती बिचारी गप्प राहिली. तिला ओरडून काय उपयोग होता, बावीस-तेवीस वर्षांची पोर, तिला कंपनीकडून जे कळतं तेच ती सांगणार.

सबसिडीसाठी ई-व्हाउचर काढावं लागतं, त्यात आधारची पडताळणी, चेहऱ्याचा फोटो, मग मोबाइलवर लिंक येते, ते व्हाउचर सही करून शोरूमला द्यायचं आणि ते पोर्टलवर चढवतात. माझ्या आधारला जुना मोबाइल नंबर, बंद पडलेला. आधार केंद्रात जाऊन ५० रुपये भरून नंबर बदलला आणि तो अपडेट व्हायला तीन दिवस. आणि एका आधारवर एकच गाडी मिळते, तेव्हा घरात दोन गाड्या घ्यायच्या असतील तर नावं आधीच ठरवा. ऑगस्ट २०२५ मध्ये निघालेल्या सूचनेत दुचाकींसाठी ही सबसिडी ३१ मार्च २०२६ पर्यंतच होती, योजनेची मुदत पुढे वाढवली ती दुचाकींना लागू नव्हती.

२ मेला नंबर पडला, जीए-०४, डिचोलीचा. पण प्लेट नाही. इलेक्ट्रिकला हिरवी प्लेट, पांढरी अक्षरं, ती हाय सिक्युरिटीवाली, ती लावूनच गाडी द्यायची असा नियम आहे. शोरूम म्हणतं तशीच घेऊन जा मॅडम, प्लेट आली की फोन करतो. मी नाही म्हटलं. रोज पणजीला जायचं, वाटेत पोलीस उभे असतात, आणि काही झालं तर जबाबदारी माझी. सतरा दिवस थांबले. १९ मेला, सोमवारी, प्लेट लावून गाडी घरी आणली. बुकिंगपासून १२१ दिवस, पूर्ण पैसे भरल्यापासून ७०. आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, ओवाळलं, नारळ फोडला. लेकाने पुन्हा हार केला होता.

पुढचे तीन आठवडे छान गेले, अगदी मनापासून सांगते. सकाळी आमोण्याच्या पुलावर धुकं, गाडीचा आवाज नाही त्यामुळे पक्षी ऐकू येतात, पंधरा वर्षं त्या रस्त्याने जातेय पण कधी ऐकले नव्हते. रात्री अकराला चार्जिंग लावायचं, सकाळी काढायचं. जाऊन-येऊन ६६ किलोमीटरला निम्म्याहून थोडी जास्त बॅटरी लागते, महिन्याचं वीज बिल दीडशे-दोनशे रुपयांनीच वाढलं.

त्या वर्षी मान्सून लवकर आला, २४ मेला केरळात आणि दुसऱ्याच दिवशी आमच्याकडे. ११ जूनला, बुधवारी, संध्याकाळी सव्वासहाला बाणस्तारीचा पूल ओलांडला आणि स्क्रीनवर लाल अक्षरात काहीतरी आलं, गाडी वीसच्या वर जाईना, आणि पाचशे मीटरवर बंद. चार्ज ६१ टक्के, मीटर १,२४० किलोमीटर. पाऊस धो धो. मागच्या ट्रकचा लाइट आरशात जवळ येत होता आणि गाडी बाजूला घेताना हँडल लॉक झालं. मी खूप घाबरले होते.

रोडसाइड असिस्टन्सला फोन लावला. फोन उचलणारी मुलगी दुसऱ्या राज्यात, तिला बाणस्तारी सापडेना, पिनकोड मागत होती, लँडमार्क मागत होती. तीन वेळा कॉल कट झाला आणि प्रत्येक वेळी नवीन माणूस, पहिल्यापासून सगळं पुन्हा. शेवटी लोकेशनची लिंक एसएमएसने पाठवली. तेव्हा नव्वद मिनिटांत येतो म्हणाले. रस्त्यालगतच्या घरातल्या मावशी बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "बाय, पावसांत उबी रावूं नाका, भितर यो." त्यांनी टॉवेल दिला, चहा दिला, त्यांच्या मुलाने आणि शेजाऱ्याने गाडी उचलून त्यांच्या अंगणात घेतली. साडेनऊला नवरा मला न्यायला आला. पिकअप आला दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला. त्या घरी चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, आम्ही नेवऱ्या (करंज्या) घेऊन गेलो होतो.

तुम्ही गाडी घेताना एवढं नक्की विचारून ठेवा, गाडी बंद पडली तर हँडल लॉक कसं सोडायचं आणि चाक मोकळं कसं करायचं. मला कोणी दाखवलं नव्हतं. आणि एरर आला की आधी स्क्रीनचा फोटो आणि आजूबाजूच्या रस्त्याचा व्हिडिओ काढा, गाडी रिस्टार्ट करायच्या आधी. मी व्हिडिओ काढला होता, का काढला मलाही माहीत नाही, पण त्यानेच पुढे वाचवलं.

घेताना सांगितलं होतं सर्व्हिस म्हापशाला होईल. आता कळलं की सर्व्हिस सेंटर वेर्ण्याला हलवलंय. साखळीहून वेर्णा म्हणजे गोव्याच्या दुसऱ्या टोकाला. १३ जूनला अर्धा दिवस रजा टाकून गेले. जॉब कार्डवर (गाडीची तक्रार लिहितात त्या सर्व्हिसच्या कागदावर) फक्त "गाडी सुरू होत नाही" लिहिलं होतं. मी उभं राहून लिहून घेतलं, एरर कोड, किलोमीटर, चार्ज, तारीख, वेळ, रस्त्यावर पाणी साचलेलं नव्हतं, आणि सहीशिक्क्याची कॉपी घेतली. आठवड्याने फोन आला, "वॉटर इनग्रेस" आहे मॅडम, म्हणजे आत पाणी गेलंय, वॉरंटीत बसत नाही, चौदा हजार होतील.

पावसाळ्यात पावसाचं पाणी लागलं म्हणून वॉरंटी नाही, हे गोव्यात सांगतात. मी चार ओळींचं ईमेल लिहिलं. तुमच्या माहितीपत्रकात आयपी ६७ लिहिलंय, ते कुठल्या कुठल्या भागाला आहे? पाणी नेमकं कुठल्या भागात गेलं, त्याचे फोटो द्या. आयपी ६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवलं तरी आत पाणी जाता कामा नये, माझ्या गाडीवर फक्त पाऊस पडला, सोबत व्हिडिओ जोडला आहे. नाही म्हणत असाल तर ते लेखी कळवा. इथे मला एक गोष्ट कळली, शोरूममध्ये "आयपी ६७" असं मोघम सांगतात पण बहुतेक वेळा ते बॅटरीपुरतं आणि मोटरपुरतं असतं, वायरिंगच्या जोडांना तेच असेल असं नाही. माझं पाणी नेमकं तिथेच गेलं होतं, सीटखालच्या एका कनेक्टरमध्ये, त्याचा रबर नीट बसवलेला नव्हता. नीट बसवलेला नव्हता म्हणजे फॅक्टरीत. हे मला सर्व्हिस सेंटरच्या मेकॅनिकने हळूच सांगितलं, तो मुलगा चांगला होता, म्हणाला ताई सोडू नका.

वॉरंटीत करतो असं २७ जूनला लेखी आलं. पण आता पार्ट नाही. कनेक्टरमुळे कंट्रोलर (मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणारा भाग) गेला होता आणि तो येणार होता फॅक्टरीतून, कधी ते कोणालाच माहीत नाही. मी रोज साखळीच्या स्टँडवरून कदंबा, म्हणजे सरकारी बस, येताना कधी ऑफिसातल्या मैत्रिणीच्या मागे बसून म्हापशापर्यंत. ५ जुलैला चौथा हप्ता गेला. गाडी माझ्याकडे होती तेवीस दिवस. कस्टमर केअरला ईमेल केलं की नवीन तिकीट नंबर येतो, तीन दिवसांनी ते तिकीट आपोआप बंद होतं, "आपली समस्या सोडवली आहे", आणि समस्या वेर्ण्याच्या यार्डात ताडपत्रीखाली उभी. मग मी नवीन ईमेल करणं बंद केलं, एकाच ईमेलला उत्तर देत राहिले, विषयात चॅसिस नंबर आणि "दिवस २०", "दिवस २३" असं लिहून.

७ जुलैला ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली. फोनवर मराठीत बोलता येतं. सगळी कागदपत्रं पोर्टलवर चढवली, जॉब कार्ड, ईमेल, व्हिडिओ. ते कंपनीला कळवतात, निकाल देत नाहीत, पण त्याचा उपयोग होतो. चौथ्या दिवशी कंपनीच्या ऑफिसातून एका बाईंचा फोन आला आणि सहा महिन्यांत पहिल्यांदा असं कोणीतरी बोललं ज्याच्यासमोर माझी सगळी फाइल उघडी होती. त्यांनी माफी मागितली, खरी वाटली. १७ जुलैला गाडी परत मिळाली, ३६ दिवसांनी. नवीन कंट्रोलर, नवीन वायरिंग, आणि वॉरंटी दोन महिने वाढवून, मी आग्रह धरून ते ईमेलवर घेतलं.

तेव्हापासून गाडी एकदाही बंद पडलेली नाही. आज मीटर ५,३८० आहे. चवथीला माटोळीचं (गणपतीच्या वर बांधतात त्या फळाफुलांचं) सामान, घरचे नारळ, सगळं तिच्यावरूनच आणलं. तरी अजून बाणस्तारीच्या पुलावर पाऊस असला की माझी नजर स्क्रीनवर जाते.

पाच हजारांचं मात्र मिटलेलं नाही. कंपनी म्हणते सबसिडी सरकारची, दर सरकारने कमी केला. माझं म्हणणं साधं आहे, फेब्रुवारीत बनलेली गाडी, १० मार्चला घेतलेले पैसे, आणि मला गाडी दाखवली २६ एप्रिलला, मधला उशीर सरकारने केला नाही. २२ ऑगस्टला कंपनीच्या रजिस्टर्ड पत्त्यावर स्पीड पोस्टने नोटीस पाठवली, मीच लिहून, महिन्याची मुदत देऊन. उत्तर नाही. ६ ऑक्टोबरला ई-जागृती पोर्टलवर उत्तर गोवा जिल्हा आयोगाकडे तक्रार भरली. पाच लाखांच्या आतल्या व्यवहाराला फी नाही, वकील लागतोच असं नाही, आणि आपण जिथे राहतो तिथल्या आयोगाकडे करता येते, कंपनी कुठलीही असो. घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते. भरायला मला दोन रविवार लागले, कागद क्रमाने लावून, पानांना नंबर घालून, शपथपत्र नोटरीकडून करून. पाच हजारांसाठी एवढं कशाला असं घरातही म्हणाले. माझ्यासारख्या किती जणांकडून त्या एप्रिलमध्ये पाच-पाच हजार गेले असतील ते मला माहीत नाही, पण मला ते विसरता येत नाही. तारीख अजून पडलेली नाही.

परत घ्यायची वेळ आली तर मी इलेक्ट्रिकच घेईन का? हो. २२ सप्टेंबर २०२५ पासून पेट्रोल स्कूटरवरचा जीएसटी २८ चा १८ टक्के झाला, इलेक्ट्रिकवर आधीपासून ५च आहे, तेव्हा किमतीतलं अंतर कमी झालंय हे खरं, पण रोजचं जाणं-येणं साठ किलोमीटरच्या वर असेल तर हिशेब अजूनही तिच्याच बाजूने लागतो. नवीन कंपनीची घेईन का, तर आधी सर्व्हिस सेंटर बघायला जाईन. शोरूम नव्हे, सर्व्हिस सेंटर. तिथे किती गाड्या किती दिवसांपासून उभ्या आहेत हे बाहेर उभ्या असलेल्या माणसांना विचारलं की अर्ध्या तासात कळतं. आणि पूर्ण पैसे चॅसिस नंबर हातात आल्याशिवाय देणार नाही, बँकेलाही तसं लेखी सांगेन की मी कळवेपर्यंत पैसे सोडू नका.

त्या तीन मैत्रिणींपैकी एकीने गेल्या आठवड्यात बुकिंग केलं, दुसऱ्या कंपनीचं, तीही नवीनच. शनिवारी आम्ही दोघी त्यांच्या सर्व्हिस सेंटरला जाऊन आलो, यार्डात अकरा गाड्या होत्या, सहा जणांशी बोललो. डिलिव्हरीची तारीख तिने ईमेलवर मागितली आणि ती आलीसुद्धा. शोरूममधून रोज फोन येतोय पेमेंटसाठी. तिने अजून भरलेलं नाही, चॅसिस नंबर मागितलाय.